मीठ, बांध आणि उधाण

वेरूळच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही आज तुमच्याशी बोलतोय. विषय इतिहासाचा आहे. वेरूळचा इतिहास म्हटलं की लेणी आठवतात, भोसल्यांची पाटीलकी आठवते, घृष्णेश्वराचं देऊळ नव्यानं उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकर आठवतात. आज मात्र आपल्या चुलीपाशी बरणीत असलेल्या वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. ती वस्तू म्हणजे मीठ.

ज्वारी आपल्या रानात होते. तूर होते, मिरची-कोथिंबीर परसात लावता येते. मीठ मात्र पेरता येत नाही. लेकराची दृष्ट काढताना मोहरीबरोबर मुठीत धरलेलं मीठही इथलं नसतं. ते समुद्राकडून येतं आणि समुद्र आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. तरी दोन हजार वर्षांत या पठारावरच्या कुठल्याही घरानं अळणी जेवण पत्करलेलं नाही. म्हणजे तिकडे कुणीतरी ते पिकवत होतं आणि कुणीतरी ते घाट चढून आणत होतं. त्या पिकवणाऱ्यांची आणि त्यांच्या बांधांची ही गोष्ट आहे.

आधी मीठ पिकतं कसं ते समजून घेऊ. कोकणात मिठाच्या शेतीला मिठागर म्हणतात. खाडीच्या कडेला चिखलाची सपाट जमीन असते, तिच्याभोवती मातीचा उंच बांध घालतात. बांधात पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला दार ठेवतात, त्याला उघाडी म्हणतात. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, पण सगळ्या भरत्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी सगळ्यात उंच चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला चढ कमी असतो, त्याला भांग म्हणतात. आपण तिथी बघून उपास धरतो, मिठागरवाले तिथी बघून उघाडी उघडतात.

उधाणाचं पाणी आत घेतलं की ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पुढं नेतात. प्रत्येक वाफ्यात ऊन पाणी पितं आणि उरलेलं पाणी जास्त खारट होतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दहा हंडे पाणी घेतलं तर त्यातलं नऊ हंडे उडून जावं लागतं, तेव्हा कुठं मिठाचे दाणे धरायला लागतात. शेवटच्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून, चोपून घट्ट केलेली असते. आपण खळं करायचो ना, तशीच. नाहीतर मिठात चिखल येतो. पावसाळा संपला की बांधबंदिस्ती, थंडीत पाणी तापवणं, मग उन्हाळाभर मीठ ओढणं, आणि मृग लागायच्या आत ढीग लावून झाकणं, असं त्या शेतीचं वर्ष असतं.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. मिठागराला समुद्र हवा असतो, पण तो उघाडीच्या दारातून आणि ठरलेल्या तिथीला. तोच समुद्र बांधावरून किंवा बांध फोडून आत आला की होत्याचं नव्हतं होतं. महिनाभर उन्हानं जे नऊ हंडे पाणी उडवलं ते एका रात्रीत परत येतं. घट्ट केलेली जमीन भिजून मऊ पडते, वर गाळ बसतो, मिठाचा ढीग पायथ्यापासून विरघळतो. मीठ देणारं पाणी आणि मीठ नेणारं पाणी एकच आहे, मध्ये फक्त बांध आहे.

आता हे मीठ आपल्यापर्यंत कसं यायचं ते पाहू. जुन्नरजवळच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी कोकणातला माल पैठणच्या बाजूला चढायचा. त्या घाटात नागनिका या सातवाहन राणीचा मोठा शिलालेख आहे, आणि जकातीची नाणी टाकायला वापरायचे असं लोक सांगतात तो दगडी रांजणही आहे. पुढची कितीतरी शतकं लमाण तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून धान्य खाली न्यायचे आणि मीठ वर आणायचे. लमाण या नावाचा संबंध 'लवण' म्हणजे मीठ या शब्दाशी जोडतात. आपल्या खुलताबाद-कन्नड भागातल्या तांड्यांवरच्या बहिणींनी ही गोष्ट आपल्या पोरांना जरूर सांगावी.

मिठाची किंमत राजेही ओळखून होते. ज्यांचं घराणं आपल्या वेरूळचं, त्या शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या आपल्या अधिकाऱ्याला मिठाबद्दल पत्र पाठवलं होतं. तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडायचं, म्हणून घाटावरचे व्यापारी तिकडं वळत होते आणि स्वराज्यातल्या संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक राहत नव्हतं. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे ते महाग पडेल आणि आपल्या आगरांचा धंदा टिकेल. मिठागर बसलं तर नुसता धंदा बसत नाही, बांधही बसतो आणि बांध बसला की मागची भातशेती जाते. किनाऱ्यावर राज्य करायचं तर हे जाणून असावं लागतं.

मग हे बांध राखायचं कोण? कोकणात खाऱ्या जमिनीला खार किंवा खारभूमी म्हणतात. अलिबाग-पेणकडच्या अशा मुलखाचं नावच खारेपाट आहे. तिथं एकाच बांधामागं कुठं भात, कुठं मीठ असायचं. मीठ आणि खारभात पिकवणारा मोठा समाज आगरी. हे नावच 'आगर' या शब्दावरून आलं. गोवा-सिंधुदुर्गाकडे मीठगावडे आहेत. जुन्या राज्यकर्त्यांची रीत अशी की, जो बांध घालून समुद्रापासून जमीन मिळवेल त्याला काही वर्षं सारा माफ किंवा कमी. पुढं कुलाबा भागात शिलोत्रीची पद्धत होती. बाहेरचा मोठा बांध शिलोत्रीदारानं राखायचा आणि त्याबदल्यात आतल्या शेतकऱ्यांनी त्याला बिघ्यामागं धान्य द्यायचं. पद्धत फार न्यायाची होती असं आम्ही म्हणत नाही. जमीनदार आणि खोतांनी कुळांना किती पिळलं ते खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप करून दाखवून दिलं. चरी गावचा तो संप प्रसिद्ध आहे. पण एक होतं, बांध फुटला तर कुणाचं दार ठोठवायचं हे गावाला माहीत होतं.

बांध फुटतो कसा हेही ऐका. सुरुवात बहुतेक वेळा क्षुल्लक असते. खेकड्याचं बीळ असतं, नाहीतर उन्हानं पडलेली भेग. उधाणाला त्यातून पाणी झिरपतं, ओहोटीला जोरानं परत जाताना माती ओढून नेतं. दुसऱ्या भरतीला भोक मोठं होतं आणि एक दिवस बांधाचा तुकडाच वाहून जातो. त्याला तिकडं 'खांड गेली' म्हणतात. उधाण उतरून भांग आला की पाणी कमी चढतं. तेवढ्या चार-सहा दिवसांत खांड बुजवली तर निभावतं. ती संधी हुकली की पुढचं उधाण खांड रुंद करतं, त्याच्या पुढचं आणखी. मग पाट्या-फावड्यांचं काम राहत नाही, दगड, यंत्रं आणि लाखोंचा निधी लागतो. म्हणून जुन्या काळी खांड गेली की घरटी माणूस बाहेर पडायचा, बाया डोक्यावर चिखलाच्या पाट्या वाहायच्या.

इंग्रजांच्या राज्यात या शेतीवर समुद्राआधी सरकारनंच घाव घातला. मिठावर कर बसला आणि कर चुकू नये म्हणून प्रत्येक आगरावर पहारा आला. लहान लहान आगरांवर पहारा ठेवणं सरकारला परवडेना, म्हणून १८७० नंतर कितीतरी लहान आगरं बंद करून थोडी मोठी ठेवली. बंद पडलेल्या आगराचा बांध कोण राखणार? त्याच काळात कच्छच्या रणाजवळ खाराघोड्याला सरकारनं मोठं मिठाचं काम उभारलं आणि ते मीठ रेल्वेनं लांबवर जाऊ लागलं. आपल्याकडे १९०० च्या सुमाराला मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे रेल्वे आली आणि बैलांच्या तांड्यांचं मिठाचं काम सुटत गेलं.

आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता, तरी इंग्रजांचा मीठकर आपल्याला चुकला नाही, कारण तो मिठागराच्या दारातच वसूल व्हायचा. १९३० मध्ये हा कर मणाला सव्वा रुपया होता. मण म्हणजे चाळीस शेर, सव्वा रुपया म्हणजे वीस आणे. हिशोब करा, शेराला अर्धा आणा नुसता कर! जमीनदाराला आणि रोजंदारीवाल्या बाईला तेवढाच.

म्हणूनच गांधीजींनी लढ्याला मीठ निवडलं. १२ मार्च १९३० ला निघालेल्या दांडीच्या यात्रेत बायका नव्हत्या. पण एप्रिलमध्ये मुंबईच्या समुद्रावर कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मीठ तयार करून कायदा मोडला. मे महिन्यात धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रहींच्या पुढे सरोजिनी नायडू उभ्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात वडाळ्याच्या आगरांवर हजारो लोक गेले, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला १२ मेपासून सत्याग्रह झाला. पुढच्या वर्षी गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या गावांना घरच्यापुरतं मीठ करायची मोकळीक मिळाली. आपल्यासारख्या आतल्या गावांना त्याचा काय उपयोग? आपल्याला सुटका मिळाली ती १९४७ मध्ये कर रद्द झाला तेव्हा.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली, कुळांना जमिनी मिळाल्या. ही फार चांगली गोष्ट झाली. पण बाहेरचा बांध एका खातेदाराच्या सातबाऱ्यावर बसणारी वस्तू नाही, तो सगळ्यांचा असतो. म्हणून १९४८ मध्ये खारभूमीचा कायदा झाला, पुढं १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला आणि योजनेत घेतलेले बांध सरकारी खात्याकडे गेले. खात्याला अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते, निविदा लागते. उधाण मात्र पंधरा दिवसांनी येतंच. कागद फिरतो तोवर खांडीतून दोन-चार उधाणं जाऊन येतात. अलिबाग तालुक्यातल्या शहापूर, धेरंड, माणकुळे या गावांना उधाणाचं पाणी शेतात शिरण्याचा त्रास वारंवार झाला आहे. एकदा खारं पाणी साचलं की भाताची जमीन पुन्हा गोडी धरायला दोन-तीन पावसाळे जातात.

गोव्यातही असंच घडलं. तिथं अशा जमिनीला खाजन म्हणतात आणि पाण्याच्या दाराला मानस. गावकरी संस्था शेकडो वर्षं बांध आणि मानस राखत आल्या होत्या. १९६४ मध्ये तिथं कुळकायदा आला, पुढं बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर टाकली. काही संघटनांनी ती नीट पार पाडली. पण बऱ्याच ठिकाणी भात आणि मिठापेक्षा मानशीवरच्या मासळीच्या लिलावात जास्त पैसा दिसायला लागला. मासळी वाढावी म्हणून मुद्दाम बांध फोडल्याच्या तक्रारीही झाल्या. आगरवाडा, नेरूळ, रायबंदर या नावाजलेल्या गावांतही आता मिठागरं थोडीच उरली आहेत.

मिठाला भाव नाही हे दुसरं कारण. आज देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातचं आहे. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे. ती बंदी योग्यच आहे. गलगंड होऊ नये, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ नीट व्हावी म्हणून आयोडीन लागतंच, तेव्हा घरात आयोडीनचंच मीठ आणा. पण लहान आगरवाल्यांकडे आयोडीन मिसळायची यंत्रं कुठली? त्यांचं मीठ मासळी खारवायला, बर्फाच्या कारखान्याला, कातडी कमवायला जातं आणि भाव पडून मिळतो. भाव नसला की पहिली काटछाट होते ती बांधाच्या दुरुस्तीत.

तिसरी गोष्ट जागेची. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर उभं राहताना उरण-पनवेलची बरीच मिठागरं भरावाखाली गेली. मुंबईत भांडुप, कांजूरमार्ग, मुलुंड, वडाळा इथल्या मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नेमकी त्याच दिवशी मोठी भरती होती. पावसाच्या पाण्याला समुद्रात जायला वाट मिळेना. अशा वेळी पसरायला जागा देतात ती मिठागरं आणि खाडीकाठचं तिवरांचं जंगल. मिठागर नुसतं मीठ देत नाही, शहराचं जास्तीचं पाणीही पोटात घेतं.

आणि आता समुद्रच चढतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरनं वाढली, म्हणजे जवळजवळ एक वीत. वीतभर म्हटलं तर काय, असं वाटेल. पण जो बांध आजोबांच्या काळी मोठ्या उधाणाला वीतभर वर उरायचा, त्याच्या माथ्याला आता पाणी टेकणार. त्यात अवेळी वादळं. डिसेंबर २०१७ मध्ये ऐन बांधबंदिस्तीच्या दिवसांत ओखी वादळाचा पाऊस मुंबई-कोकणात पडला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतनं गेलं, तेव्हा तर मिठाचे ढीग लागायचे दिवस असतात. उघड्यावरचं मीठ पावसापुढं किती टिकणार?

हे सगळं सोसतं कोण? मिठागरात वाफ्यापासून ढिगापर्यंत मीठ डोक्यावर वाहण्यात बायांचा मोठा वाटा असतो. पालघर-ठाण्याकडच्या आदिवासी बहिणी हंगामापुरत्या आगरावर जाऊन राहतात. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून पायांना भेगा पडतात, भेगांत मीठ झोंबतं, पांढऱ्याशुभ्र ढिगावरचं ऊन डोळ्यांना लागतं. उधाण आलं तर मालकाचं मीठ जातं आणि यांचा रोज जातो. बांध गेला तर आगर बंद, मग वीटभट्टी नाहीतर शहराची वाट. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

समुद्राच्या बांधाचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पण मराठवाड्यातल्या बाईइतकं बांध कुणाला कळतो? १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्यांनी डोक्यावर माती वाहून पाझर तलाव आणि नालाबांध उभे केले. आपला बांध पाणी आत धरायला, त्यांचा बाहेर ठेवायला, एवढाच फरक. आता आपल्या शिवारातल्या त्या तलावांकडे बघा. कितीकांच्या सांडव्यात झुडपं वाढलीत, पाळूला उंदरांनी बिळं केलीत? बांधताना सगळा गाव होता. राखायला कोण आहे?

हॉलंड देशाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. तिथं बांध राखणाऱ्या पाणी-पंचायती तेराव्या शतकापासून चालत आल्या आहेत. आजही त्यांची वेगळी निवडणूक होते आणि बांधासाठी घरटी वेगळी पट्टी गोळा होते. राजे बदलले, सरकारं बदलली, पट्टी थांबली नाही. आपल्याकडे सरकारनं काही करू नये असं आम्हाला म्हणायचं नाही. दगड, यंत्रं, पैसा सरकारनंच द्यायला हवा. पण बिळाला भोक व्हायच्या आत बघणारे डोळे गावाचेच असावे लागतात, आणि त्या डोळ्यांनी सांगितलेलं चार दिवसांत ऐकलं जाईल असा अधिकारही गावाकडेच असावा लागतो. खारेपाटात आणि गोव्यात तुटलं ते हे. राखणारे हात एकीकडे राहिले, अधिकार दुसरीकडे गेला.

गटाची बचत आपण दर महिन्याला भरतो ती तरी दुसरं काय आहे? एकीनं दोन हप्ते चुकवले आणि कुणी विचारलं नाही, तर ते खेकड्याचं बीळ समजा.

तेव्हा येत्या बैठकीत दोन गोष्टी बोला. एक, आपल्या गावचा पाझर तलाव किंवा नालाबांध कुणाच्या ताब्यात आहे, आणि पावसाळ्याआधी त्याची पाहणी कोण करतं, हे ग्रामपंचायतीत विचारायचं. शक्य झालं तर मृगाच्या आधी गटानं एक फेरी मारून यायची. दुसरं, गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारायचं, तिच्या लहानपणी घरात मीठ कुठून यायचं, कोण आणायचं, काय भाव पडायचा. ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आपल्या मिठाचा इतिहास आपल्यालाच लिहावा लागणार आहे.